निमिष, दोन जण

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पहिल्यांदा वाटलं लोक हसतील. दुसऱ्यांदा वाटलं हसणार नाहीत, आणि ते जास्त वाईट. पण सहा वर्षं झाली तरी अजून कुठल्या कॅफेच्या दारात वही दिसली की मी आधी त्यातली सगळी नावं वाचतो आणि मगच आपलं लिहितो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रभात रोडच्या एका गल्लीत, बंगल्याच्या फाटकाशी मी उभा होतो. बंगल्याचा कॅफे केलेला. डिसेंबरमधला रविवार, सकाळचे अकरा. फाटकाला दोरीने वही बांधलेली आणि वहीला पेन. आपण नाव लिहायचं, पुढे किती जण ते लिहायचं आणि बाहेरच्या बाकावर बसायचं. आत टेबल रिकामं झालं की दारावरची बाई नाव पुकारते. "अनुष्का, चार जण." "रोहन, सहा जण." ज्याचं नाव येतं तो असा उठतो की जणू सत्काराला बोलावलंय.

मी पेन धरून उभा होतो आणि लिहीत नव्हतो. माझं नाव नागनाथ. गाव मोहोळ तालुक्यात. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक नागनाथ आहे, तिथे काही वाटत नाही. पण इथे बाकावर तीसेक माणसं, गॉगल डोक्यावर, एकीच्या मांडीवर कुत्रं, आणि त्या कुत्र्याचंही नाव माझ्यापेक्षा बरं असणार.

"एकटाच आहेस का?" मागून कुणीतरी विचारलं.

माझ्याच वयाचा मुलगा. विरळ दाढी, खांद्याला सुती पिशवी. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता.

"हो. का?"

"एकट्याला रविवारी टेबल देत नाहीत हे लोक. तासभर बसवतात आणि मग किचनच्या दाराशी स्टूल देतात. मी पण एकटा आहे. बस माझ्याबरोबर." आणि माझ्या हातातून पेन घेऊन त्याने लिहून टाकलं. निमिष – २.

"तू निमिष का?"

"नाही, सौमित्र. पण सौमित्र सांगितलं की तीनदा विचारतात. हे सोपं पडतं."

मला आयडिया फार आवडली. नाव लिहायची लाज वाटणारा मी एकटाच नाही, असं वाटलं.

वीस मिनिटांनी बाई दारात आली. "निमिष, दोन जण."

सौमित्र बसूनच राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ऊठ ना."

मी उठलो. तो माझ्या मागून आला.

त्या वेळी मी पुण्यात येऊन सहा महिने झाले होते. कर्वेनगरला लग्नांचे व्हिडिओ एडिट करायच्या स्टुडिओत कामाला होतो. एडिटिंग मला कुणी शिकवलं नाही, मोबाइलवर बघून बघून शिकलो. वारज्याला रूम होती. दोघं रूममेट शनिवार-रविवार गावी जायचे. शुक्रवारी संध्याकाळी स्टुडिओतून निघालो की सोमवार सकाळपर्यंत माझ्या तोंडून "एक हाफ राइस" सोडून शब्द निघत नसे. एकदा सोमवारी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. खाकरावं लागलं. त्या दिवशी मी घाबरलो आणि पेज काढलं. नाव "अकरा ते एक". रविवारी अकरा ते एकच्या मध्ये, ना नाश्ता ना जेवण असं जे लोक खातात, ते पुण्यात कुठे चांगलं मिळतं त्याचं पेज. एकशेबारा फॉलोअर. त्यातले चाळीस गावचे, जे प्रत्येक फोटोखाली "भावा किती खातो" एवढंच लिहायचे.

तर माझी गरज काय होती ते लक्षात घ्या. मला जागा नको होत्या. मला समोर बसलेला माणूस पाहिजे होता.

आणि सौमित्रला जागा माहीत होत्या. नुसत्या जागा नाही, तिथे काय खायचं तेही. दर शनिवारी रात्री त्याचा मेसेज यायचा. "बाणेर, अकरा." "औंध, अकरा." रविवारी तो स्कूटर घेऊन वारज्याला यायचा आणि आम्ही निघायचो. कधी जुन्या छापखान्यातला कॅफे, कधी नर्सरीतला, कुंड्यांच्या मध्ये टेबलं टाकलेला. जागा एकापेक्षा एक. माझ्या पेजचे दोन महिन्यांत दोन हजार झाले.

फक्त त्याच्या काही सवयी होत्या. मला भिंतीकडची खुर्ची द्यायचा, तोंड दाराकडे. ऑर्डर तोच द्यायचा, मला न विचारता. माझ्यासाठी मश्रूम घातलेला टोस्ट, आणि काळी कॉफी, बिनसाखरेची.

"मला हे मश्रूम जमत नाही रे," मी पहिल्या रविवारी म्हणालो. "आमच्याकडे उकिरड्यावर उगवतं हे."

"खाऊन बघ."

"आणि ही कॉफी आहे का काढा?"

"पी ना. माझ्यासाठी."

माझ्यासाठी, असं मला पुण्यात कुणी म्हणालं नव्हतं. प्यायलो. मळमळलं. बाहेर येऊन लिमलेटची गोळी खाल्ली.

काही ठिकाणी आपली प्लेट आपणच काउंटरला नेऊन ठेवायची असते. तिथे मी उठलो की सौमित्र माझा हात धरायचा.

"तू बस. मी उचलतो."

"अरे, खरकटी प्लेट आहे. माझी मी उचलतो. आईनं तेवढं शिकवलंय."

"बस म्हटलं ना."

आवाज चढायचा नाही त्याचा. उलट खाली यायचा. मी बसायचो.

आणि निघताना. तो मला वारज्याला सोडायचा, मी "चल, बाय" म्हणून वळायचो, तर स्कूटर चालू ठेवून तसाच उभा. पहिल्यांदा मी विचारलं, "काय झालं?"

"असं नको ना. नीट सांगून जा."

"म्हणजे?"

"येतो म्हण."

"बरं बाबा. येतो."

"ये," तो म्हणायचा, आणि मगच त्याची स्कूटर हलायची.

पाचव्या-सहाव्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मला मश्रूम आवडायला लागलंय. आवडायला म्हणजे, बुधवारपासून आठवण यायची. स्टुडिओतल्या चहात साखर सहन होईना. मी मोहोळचा माणूस, आमच्या चहात साखर विरघळायची थांबते तेव्हा चहा झाला म्हणतात. मला वाटलं, चला, पुणेकर झालो.

मग फोटो.

पेजसाठी मी दर रविवारी टेबलाचा वरून एक फोटो काढायचो. एकदा सगळे ओळीने लावून व्हिडिओ करायचा म्हणून लॅपटॉपवर उघडले. एडिटरची नजर असते, काय बदललं ते आधी दिसतं. पहिल्या चार फोटोंत पाण्याचे दोन ग्लास. पाचव्यात तीन. सहाव्यात तीन. सातव्यात, आठव्यात, तीन. वेगवेगळे कॅफे, वेगवेगळे वेटर. तिसरा ग्लास प्रत्येक वेळी माझ्या डाव्या हाताला, आणि प्रत्येक फोटोत मागच्यापेक्षा थोडा माझ्या जवळ. आठव्यात तो माझ्या प्लेटला चिकटलेला होता.

मी तो व्हिडिओ केला नाही.

त्याच आठवड्यात स्टुडिओच्या बिल्डिंगमध्ये वॉचमन बदलला. नवीन माणूस सगळ्यांकडून रजिस्टरमध्ये सही घ्यायचा. मी कानाला फोन लावून सही केली आणि जिना चढायला लागलो.

"ओ साहेब," त्याने खालून हाक मारली. "हे निमिष कोण?"

"कोण निमिष?"

"तुम्ही आत्ता लिवलं की."

खाली येऊन बघितलं. निमिष. अक्षर माझं नव्हतं. माझं अक्षर गोल आहे, शाळेतलं. हे डावीकडे झुकलेलं, वाऱ्याने वाकल्यासारखं. शाई ओली होती.

नवव्या रविवारी मी विचारलं. बाणेरच्या एका गच्चीवर होतो, ऊन चांगलं होतं, बाजूच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता.

"सौमित्र, हा निमिष कोण आहे?"

त्याने काटा खाली ठेवला. "कुणी नाही. नाव आहे ते."

"कुणाचं तरी असेल ना."

"तुला यायचं नसेल तर नको येऊस, नागनाथ."

इतक्या रविवारांत त्याने माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. त्या दिवशी त्याने मला सोडलं, मी "येतो" म्हणालो, तो "ये" म्हणाला नाही.

पुढच्या शनिवारी मेसेज आला नाही. फोन केला, उचलला नाही. तो रविवार मी रूमवर काढला. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे मोजले. संध्याकाळी खाकरून बघितलं, आवाज आहे का.

त्याच्या पुढच्या शनिवारी फोन वाजला. "औंध, अकरा." मी रडलो, खरं सांगतो. आणि ठरवलं की परत विचारायचं नाही. नाव काय, ग्लास काय, असू देत. मला काय त्रास आहे? मश्रूमच तर खायचंय.

तेराव्या रविवारी तो टॉयलेटला गेला असताना त्याची पिशवी पडली आणि त्यातून वही बाहेर आली, असं मी आधी लिहिलं होतं. खोटं आहे. पिशवी पडली नाही. मी उघडली.

आत शंभर पानी वही. पहिल्या पानावर वर लिहिलेलं, "पुण्यात अकरा वाजता". खाली चौदा जागा, ओळीने, प्रत्येकीपुढे काय खायचं ते. प्रभात रोडचा बंगला, पहिला नंबर. बाणेर, औंध, नर्सरी, छापखाना, सगळं. आम्ही गेलो होतो त्याच क्रमाने. पुढे वेगळ्या पेनने टिकमार्क. फक्त चौदाव्याला टिक नव्हती. "पाषाण, तळ्याजवळ. मश्रूम टोस्ट. सौमित्रला उठवणे." एवढंच.

अक्षर डावीकडे झुकलेलं होतं.

पान उलटलं. दुसऱ्या पानावर सौमित्रचं अक्षर. एक, प्रभात रोड. दोन, बाणेर. तीच यादी पुन्हा पहिल्यापासून. टिका अजून व्हायच्या होत्या. तिसऱ्या पानावर पुन्हा तीच. चौथ्यावर पुन्हा. मी वही शेवटपर्यंत चाळली. शेवटपर्यंत तीच होती.

तो यायच्या आत वही ठेवून दिली आणि कॉफी संपवली. मला ती गोड लागली.

त्या संध्याकाळी मी गावी वडिलांना, अण्णांना, फोन केला. त्याआधी एक सांगतो, म्हणजे कळेल. आमच्याकडे भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, गेलेल्या माणसाच्या नावाने बाहेरचा एक माणूस जेवायला बसवतात. नात्यातला नसतो. त्याला पितर म्हणतात तेवढ्यापुरतं. आमच्या शेजारच्या शिंद्यांचा सुभाष विहिरीत गेला तेव्हापासून अण्णा दर वर्षी त्याचं पितर म्हणून जायचे. मी लहान असताना त्यांच्या मागे लागायचो की मला पण न्या, आणि आई पाठीत धपाटा घालायची.

"अण्णा, तुम्ही सुभाषचं पितर अजून बसता का?"

"बसतो की. का रं?"

"त्याचे नियम काय असतात?"

"नेम कसले आलेत. त्येंनी दाखवली त्या जागंवर बसायचं. पुढ्यात वाढतील ते खायचं. त्या माणसाच्या आवडीचं असतंय, आपल्याला आवडू न्हाईतर नगं. पुरं म्हणायचं न्हाई. पत्रावळ आपण उचलायची न्हाई, घरचा माणूस उचलतो."

मी भिंतीला टेकलो.

"आणि निघताना?"

"निघताना जातो म्हणायचं."

"येतो नाही?"

अण्णा हसले. "आरं खुळ्या, येतो आपण म्हणतो, जित्या माणसानं. तिथं पाटावर आपण सुभाष असतो. सुभाषनं येतो म्हणलं तर ईल की त्यो. म्हणून जातो म्हणायचं, मागं न बघता निघायचं. घरी येऊन पाय धुतले की आपण आपले."

मी हसलो नाही. अण्णांचं हसू हळूहळू थांबलं.

"नागू. ह्या फाल्गुनात कुणी बसवलं रं तुला?"

"कुणी नाही."

"कितीदा बसलास?"

"तेरा."

"आन् निघताना काय म्हणलास?"

"येतो," मी म्हणालो. फोनमध्ये गोठ्यातली घंटी वाजली.

"अजून एकदा बस," अण्णा म्हणाले. "आन् नीट नीघ."

शनिवारी मेसेज आला. "पाषाण, अकरा."

सकाळी तो वारज्याला आला. सौमित्र हळू चालवत होता, आणि पाषाण रोडला एका वळणावर त्याने स्पीड इतका कमी केला की मागचे हॉर्न मारायला लागले. तळ्याजवळ एका जुन्या घराचा कॅफे होता, पुढे अंगणात बाक, दाराला लाकडी स्टँड, स्टँडवर वही. दारात एक मुलगी, बिल्ल्यावर नाव प्राची.

सौमित्र वहीपाशी गेला आणि तसाच उभा राहिला. पेन उचललं नाही. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं.

पानावर सात-आठ नावं. मध्येच एक. निमिष – ३. डावीकडे झुकलेलं.

"तू लिहिलंस?" सौमित्रने मला विचारलं. ओठ पांढरे पडले होते त्याचे.

"मी तुझ्याबरोबरच आलो ना आत्ता."

"मग फोन करून सांगितलंस का कुणाला?"

"सौमित्र, मला हे ठिकाण माहीत पण नव्हतं."

दुसरा कुणी निमिष असेल. पुण्यात असतील ना निमिष. आम्ही दोघंही तेच म्हणालो आणि बाकावर बसलो, आणि कुणी निमिष उठतोय का ते बघायला लागलो. ऊन होतं. पोरं पळत होती. तळ्यावरून वास येत होता. सगळं इतकं रोजचं होतं की मला थंडी वाजत होती.

प्राची दारात आली. "निमिष, तीन जण."

कुणी उठलं नाही.

"निमिष, तीन जण."

सौमित्रने डोळे मिटले होते. त्याचे दोन्ही हात मांड्यांच्या खाली दाबलेले.

"निमिष."

मी उठलो नाही. माझे पाय उठले. हे याच्यापेक्षा नीट मला लिहिता येत नाही.

प्राची हसली. "या ना. मला वाटलं तुम्ही गेलात. मगाशी तुम्हीच लिहून गेलात ना? म्हणालात दोघं येतायत."

"मी?"

"तुम्हीच." तिने माझ्या शर्टाकडे बघितलं. "शर्ट बदललात का?"

टेबल भिंतीकडचं होतं. तीन खुर्च्या, तीन ग्लास. मी दाराकडे तोंड करून बसलो, कुणी न सांगता. सौमित्र समोर बसला. तिसरी खुर्ची माझ्या डाव्या हाताला, टेबलापासून थोडी मागे सरकवलेली, कुणी नुकतंच उठल्यासारखी. किंवा बसल्यासारखी.

"सांग आता," मी म्हणालो. "कोण तुझा तो?"

"भाऊ. दोन वर्षांनी मोठा." सौमित्र टेबलाकडे बघून बोलत होता. "यादी त्याची. आम्ही दर रविवारी एक करणार होतो. पहिल्या तीन झाल्या. मग तो म्हणाला, ही शेवटची आधी करू, इथे गर्दी फार असते. मी पुढे जाऊन नाव लिहितो, तू ये. मी उठलोच नाही. फोन वाजत होता, मी पालथा टाकला. तो इथे नाव लिहून मला उठवायला परत निघाला. पाषाण रोडला टँकर होता."

"तुला कधी कळलं?"

"मला काही माहीत नव्हतं. मी उठून रिक्षाने दुसऱ्या रस्त्याने इथे आलो. वहीत त्याचं नाव होतं, तो नव्हता. मी बाहेर त्या बाकावर बसलो. त्यांनी नाव पुकारलं. तीनदा. निमिष, दोन जण. मी हात वर केला नाही. चिडलो होतो ना. म्हटलं, मला बोलावून हा कुठे फिरतोय, आला की बघतो. मग त्यांनी नाव खोडलं."

प्राचीने मश्रूम टोस्ट आणून ठेवला. काळी कॉफी. आम्ही ऑर्डर दिली नव्हती. तिला वाटलं असेल आम्ही दिलीय, मी विचारलं नाही.

"तू प्रभात रोडला पाठमोरा उभा होतास," सौमित्र म्हणाला. "पेन धरून. मागून तसाच. मी काही ठरवून केलं नाही, नागनाथ. एकदा वाटलं, एकदाच त्याचं नाव पुकारलं जाऊ दे आणि कुणीतरी उठू दे. मग थांबताच येईना. आणि तू हळूहळू... तू चमचा ग्लासवर दोनदा वाजवतोस. तुला माहितीय? आधी नाही वाजवायचास."

मला माहीत नव्हतं. माझ्या हातात चमचा होता.

"चौदा झाल्या," मी म्हणालो. "पुढे काय?"

"परत पहिल्यापासून," तो म्हणाला. मग एकदम लहान तोंड करून, "येशील ना?"

इथे मी अडकलो. कबूल करतो. मला जायचं नव्हतं. जातो म्हणालो की रविवार संपले, समोरचा माणूस संपला, परत ती खिडकी आणि समोरचं वाळत घातलेलं. तो मला जेवू घालत होता, माझी प्लेट उचलत होता, मला ये म्हणत होता. बदल्यात काय गेलं होतं माझं? एक नाव. तेही मला फारसं आवडत नव्हतं.

मी टोस्ट खाल्ला. सगळा. पुरे म्हणालो नाही. कॉफी प्यायलो, तळाशी एक घोट ठेवून. तोपर्यंत माझ्या डाव्या बाजूला, बाहीच्या बाहेर, एक ऊब होती. खेटून कुणी बसावं तशी. मी तिकडे बघितलं नाही.

मग उभा राहिलो. प्लेट उचलली नाही.

"जातो," मी म्हणालो.

सौमित्रने वर बघितलं. "काय म्हणालास?"

"जातो."

"असं नसतं म्हणायचं रे. असं कुणी म्हणत नाही."

"मी नाही म्हणत, सौमित्र. तो म्हणतोय. त्याला म्हणू दे."

त्याला कळलं. कसं ते माहीत नाही, त्यांच्याकडे हे पितराचं बसवणं नसतं. पण त्याचा चेहरा असा झाला की शेजारच्या टेबलावरची बाई बोलायची थांबली. त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. ओठ हलले. पहिल्यांदा आवाज आला नाही, त्याला खाकरावं लागलं.

"जा," तो म्हणाला.

मी मागे न बघता अंगणात आलो. नळ होता तिथे बूट-मोजे काढले आणि पाय धुतले. लोक बघत होते. डाव्या बाजूची ऊब कधी गेली ते कळलं नाही, पण दंडावर काटा आला होता, तेवढ्याच भागावर.

थोड्या वेळाने सौमित्र बाहेर आला. हातात माझा कॉफीचा कप होता, तो तसाच घेऊन आला होता. काहीतरी करायचं म्हणून मी तो तळाचा घोट घेतला, आणि तिथेच थुंकला. कडू जहर. जिभेपासून कानापर्यंत कडू.

सौमित्र ते बघत राहिला. आणि मग हसला की रडला, दोन्ही एकदम.

दारात प्राची वहीवर वाकली होती. "तुमचे तिसरे कुठे गेले?" तिने विचारलं.

"गेला तो," सौमित्र म्हणाला. तिने नावावर रेघ मारली.

त्याने मला वारज्याला सोडलं. बिल्डिंगखाली उतरलो. तो स्कूटर चालू ठेवून उभा राहिला, पण काही मागितलं नाही. हँडलकडे बघत होता.

"म्हणजे रविवार संपले," तो म्हणाला.

"त्याचे संपले."

"हं."

"ती वही तुझ्या आईकडे देऊन टाक. चौदाव्याला टिक कर आणि दे." मी त्याच्या हँडलवर हात ठेवला. "आणि पुढच्या रविवारी अकरा वाजता इथे ये. जागा मी शोधतो. चहा मिळेल तिथेच जायचं, साखर घातलेला. माझी प्लेट मी उचलणार. वहीत नाव मी लिहिणार, आणि ते पुकारतील तेव्हा तू माझ्याबरोबर उठायचं, हसायचं नाही. नागनाथ, दोन जण."

"येशील?" त्याने विचारलं.

"येतो," मी म्हणालो. "नागनाथ म्हणतोय. येतो."